बासष्टच्या हुकमावर सही कोणाची?

२२ सप्टेंबर १९६२ रोजी दिल्लीत संरक्षण मंत्रालयात एक बैठक झाली. पंतप्रधान नेहरू राष्ट्रकुल परिषदेच्या निमित्ताने परदेशात होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी न्यूयॉर्कला होते, त्यामुळे राज्यमंत्री रघुरामय्या अध्यक्षस्थानी बसले. नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, थागला डोंगरधारेवरून खाली उतरलेल्या चिनी सैनिकांना हुसकावून लावायचं, हा विषय होता. लष्करप्रमुख प्राणनाथ थापर यांनी शंका काढली की इथे हात घातला तर चिनी लडाखमध्ये उट्टं काढतील. परराष्ट्र सचिव एम. जे. देसाई यांच्या हिशेबात लडाखमधल्या एक-दोन चौक्या जातील, त्याहून जास्त काही होणार नाही. मग थापर यांनी एवढंच मागितलं की हुकूम लेखी द्या.

हुकूम लेखी मिळाला. नेफाच्या कामेंग विभागातून चिन्यांना बाहेर काढण्याची कारवाई लष्करप्रमुखांनी तयारी होताच करावी, असा त्याचा आशय होता. त्याखाली सही होती एच. सी. सरीन यांची. हे मंत्रालयातले सहसचिव. पंतप्रधान नाहीत, संरक्षणमंत्री नाहीत, बैठकीला हजर असलेले राज्यमंत्रीही नाहीत. आपल्याकडे शेताच्या फेरफाराची नोंदसुद्धा तलाठ्यावर थांबत नाही, मंडल अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी लागते. इथे चीनशी लढाई ओढवू शकणारा हुकूम सहसचिवाच्या सहीने निघाला.

बासष्टचा, म्हणजे चीनशी झालेल्या युद्धाचा, विषय निघाला की आपल्याकडे तीन नावं ठरलेली असतात: भोळे नेहरू, गर्विष्ठ मेनन आणि पंतप्रधानांच्या मर्जीतले जनरल कौल. तिघांच्याही चुका मोठ्या आहेत, त्या पुसून टाकण्याचं कारण नाही. पण खापर या तीन डोक्यांवर फोडून झालं की बाकीचे अलगद नामनिराळे राहतात. आणि त्या बाकीच्यांची यादी बरीच लांब आहे.

सुरुवात तीन वर्षं मागे जाऊन करावी लागते. लडाखला लागून असलेल्या, भारत आपला मानतो त्या अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधल्याचं सरकारला कळलं होतं, ऑक्टोबर १९५८ मध्ये निषेधाचं पत्रही गेलं होतं. संसदेला मात्र ते ऑगस्ट १९५९ अखेर कळलं. त्याच महिन्यात नेफातल्या लोंगजूला चकमक झाली. २१ ऑक्टोबरला लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ दहा पोलीस मारले गेले. दर वर्षी २१ ऑक्टोबरला राज्यातल्या पोलीस मुख्यालयांत मानवंदना होते, ती याच दहा जणांपासून सुरू झालेली. देशभर संताप उसळला. आपण माहिती दाबून ठेवली हा आरोप नेहरूंना झोंबला होता. त्यांनी चीनशी झालेला सगळा पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांमधून छापायला सुरुवात केली. पारदर्शकता म्हणून ते योग्यच होतं. पण प्रत्येक पत्र उद्या संसदेत वाचलं जाणार म्हटल्यावर त्या पत्रांची भाषा बदलली आणि देवाणघेवाणीला जागा उरली नाही.

एप्रिल १९६० मध्ये चौ एन लाय दिल्लीला आले. पूर्वेची मॅकमहोन रेषा, म्हणजे ब्रिटिश काळात आखलेली सीमा, चीनने जवळपास मान्य करायची आणि पश्चिमेला अक्साई चीन भारताने सोडायचा, असा सौदा त्यांच्या बोलण्यातून सूचित होत होता. तो स्वीकारायला हवा होता की नव्हता, यावर आजही वाद घालता येईल. ते चित्र नीट आठवावं मात्र. विरोधी खासदार सरकारला बजावत होते की एक इंचही देऊ नका. रस्त्यावर जनसंघाची निदर्शनं चालू होती. मंत्रिमंडळात गोविंद वल्लभ पंत आणि मोरारजी देसाई यांची भूमिका ताठर होती. त्याआधी महिनाभरच, बेरुबारी प्रकरणात, देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल, असं मत सर्वोच्च न्यायालयाने दिलं होतं. नेहरूंना तडजोड करायची होती असं मला वाटत नाही. करायची असती तरी त्यांना ती कोणी करू दिली नसती. वाटाघाटी नकोत म्हणणारे अनेक होते, पण मग लढायला काय लागेल हे विचारणारे फार थोडे.

विचारणाऱ्यांपैकी एक कोल्हापूरकडचे होते. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात तेव्हा पूर्व विभागाचे सेनापती होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या बचावाचा आराखडा दिला आणि मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाच्या सरावात तो मांडूनही दाखवला. त्यांचं म्हणणं शेतकऱ्यालाही पटेल असं होतं. सीमारेषेवर नुसती नजर ठेवणाऱ्या चौक्या असाव्यात, खरी लढाई मात्र मागे द्यावी, जिथपर्यंत आपला रस्ता आणि रसद पोहोचते आणि शत्रूची रसद लांब पडते तिथे. हा कागद संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेला आणि तिथे अतिरंजित ठरून पडून राहिला. थोरातांनी पुढे लिहून ठेवलं आहे की बासष्टच्या पडझडीत नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं तेव्हा हा कागद आपण पाहिलाच नव्हता, असं ते म्हणाले.

लष्करप्रमुख थिमय्या आणि मेनन यांचं तर फाटलेलंच होतं. ऑगस्ट १९५९ मध्ये थिमय्यांनी राजीनामा दिला, नेहरूंनी समजूत घालून तो मागे घ्यायला लावला आणि मग संसदेत त्यांचीच कानउघाडणी केली. पुढे मान वर करून बोलायचं नाही, हे बाकीच्या सेनाधिकाऱ्यांना त्यातून न सांगता कळलं. मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारने थापर यांना नेमलं आणि थोरात निवृत्त झाले.

२ नोव्हेंबर १९६१ ची बैठक ही या सगळ्या प्रकरणाची गाठ. पंतप्रधानांच्या त्या बैठकीला मेनन, परराष्ट्र सचिव देसाई, थापर, कौल आणि गुप्तवार्ता विभागाचे संचालक बी. एन. मलिक होते. आपण चौकी बसवली तर चिनी ती जोर लावून उठवणार नाहीत, असा मलिक यांचा अंदाज होता. त्यावर 'फॉरवर्ड पॉलिसी' उभी राहिली: लडाखमध्ये जमेल तितकं पुढे जायचं, चौक्या टाकायच्या, चिन्यांना आणखी पुढे सरकू द्यायचं नाही. निर्देशात तिसरा एक परिच्छेद होता. पुढच्या चौक्यांच्या मागे, रसद पोहोचेल अशा जागी मोठं सैन्य ठेवावं, म्हणजे वेळ पडली तर परिस्थिती सावरता येईल, असं त्यात म्हटलं होतं. ५ डिसेंबरला लष्करी मुख्यालयाने खालच्या विभागांना आदेश पाठवले. त्यात हा परिच्छेद नव्हता.

तो कोणी गाळला, विसरून की जाणून, याचा सोक्षमोक्ष कधी लागला नाही. तर्क करता येतो. मागे उभं करायला सैन्यच नव्हतं, रस्ते नव्हते आणि पैसेही नव्हते. अर्थखात्याशी खटके उडत होते. जी अट पाळता येणार नाही ती लिहायची कशाला, असा विचार कोणी तरी केला असावा. म्हणजे राजकीय निर्णयात निदान कागदावर जी खबरदारी होती, ती लष्करानेच काढून टाकली. सगळा दोष मंत्र्यांच्या माथी मारणाऱ्यांनी हा कागद डोळ्यांसमोर ठेवावा.

इकडे मुंबईत फेब्रुवारी १९६२ ची निवडणूक गाजत होती. उत्तर मुंबईतून मेनन उभे होते आणि समोर आचार्य कृपलानी. 'चिनी हमला होते हैं, मेनन साहब सोते हैं' अशा घोषणा चालल्या होत्या. दुसऱ्या बाजूला खुद्द नेहरू प्रचाराला आले होते आणि दिलीपकुमारही मेनन यांच्यासाठी फिरत होते. चीनचा प्रश्न इतक्या ठळकपणे क्वचितच कुठल्या मतदारसंघात मांडला गेला असेल. मेनन जवळजवळ दीड लाखाच्या फरकाने निवडून आले. मुंबईकरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, मत देताना माणूस दहा गोष्टी बघतो. पण मेनन कोणावर लादले गेले नव्हते, एवढं खरं.

जुलैत गलवान खोऱ्यातल्या आपल्या चौकीला चिन्यांनी वेढा घातला, जवान हलले नाहीत आणि चिनी थोडे मागे सरकले. दिल्लीने याचा अर्थ 'बघा, अंदाज खरा ठरला' असा लावला. पश्चिम विभागाचे सेनापती दौलतसिंग यांनी ऑगस्टमध्ये मुख्यालयाला लिहून कळवलं की राजकीय धोरण हातातल्या बळावर बेतलेलं हवं. त्या पत्राने काही बदललं नाही.

पूर्वेला जूनमध्ये नामकाचू ओढ्याजवळ ढोला चौकी बसली होती. इथे नकाशातली मॅकमहोन रेषा आणि प्रत्यक्ष डोंगरमाथा जुळत नव्हते. माथा हीच सीमा, असं भारताचं म्हणणं होतं, चीनला ते मान्य नव्हतं. ८ सप्टेंबरला चिनी थागलावरून उतरले. वर सांगितलेला लेखी हुकूम निघाला तो यावर. तिथल्या कोअरचे, म्हणजे काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या मोठ्या सैन्यदलाचे, कमांडर उमरावसिंग यांनी तयारीसाठी लागणाऱ्या साहित्याची आणि वेळेची यादी मांडली, तेव्हा हे काम त्यांच्याकडून काढून नवी कोअर उभी केली आणि ती कौल यांना दिली. युद्धात पायदळाची पलटण कौल यांनी कधी हाताळली नव्हती. ब्रिगेडियर जॉन दळवी यांची सातवी ब्रिगेड हिमालयाच्या थंडीत सुती गणवेशात, माणशी पन्नासेक गोळ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन ओढ्याकाठी उभी होती. विमानातून टाकलेल्या सामानातलं बरंचसं दऱ्यांत जात होतं.

१० ऑक्टोबरच्या चकमकीने कौल यांचे डोळे उघडले. ते दिल्लीला गेले आणि ११ च्या रात्री पंतप्रधानांकडे बैठक झाली. चढाईचा विचार मागे पडला, ब्रिगेड मात्र होती तिथेच ठेवायची ठरली. ठेवायची कोणी ठरवली? राजकीय गोटातले सांगतात, सेनाधिकाऱ्यांवर सोपवलं होतं. सेनाधिकारी सांगतात, वरून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोलंबोच्या वाटेवर असताना नेहरू पत्रकारांना म्हणाले की आमचा प्रदेश मोकळा करा असं सैन्याला सांगितलं आहे, तारीख सैन्याने ठरवायची. वृत्तपत्रांनी त्याचा मथळा केला. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दळवी कैद झाले.

पुढची पडझड ठाऊक आहे. फक्त नेफातल्या सेला खिंडीची एक रात्र सांगतो. १७ नोव्हेंबरला आसामात तेजपूरला कौल यांच्या कोअरच्या मुख्यालयात लष्करप्रमुख हजर होते, पूर्व विभागाचे सेनापतीही हजर होते. सेलाच्या डिव्हिजनचे प्रमुख माघारीची परवानगी मागत होते. दोघांनीही निर्णय दिला नाही, कौल परत येईपर्यंत थांबायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये हुकूम लेखी मागणारे थापर, आणि आता त्यांच्याकडे मागितलेला हुकूम त्यांना देता येईना.

सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे १,३८० जवान मारले गेले, १,७०० च्या आसपास बेपत्ता झाले आणि ३,९०० हून अधिक कैद झाले. ७ नोव्हेंबरला मेनन यांचा राजीनामा मंजूर झाला, तोही काँग्रेसचेच खासदार बिथरल्यावर. थापर आणि कौल नोव्हेंबरअखेर गेले. मलिक राहिले. परराष्ट्र सचिवांना कोणी काही विचारलं नाही. विरोधी बाकांवरचे 'एक इंचही नको'वाले आता 'तयारी का केली नाही' असं विचारू लागले. पुढे कौल, मलिक, दळवी यांनी आपापली पुस्तकं लिहिली आणि प्रत्येक पुस्तकातला गुन्हेगार वेगळा निघाला.

संरक्षणमंत्रिपदावर यशवंतराव चव्हाण आले. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. पण सह्याद्री पोहोचला तेव्हा तोफा थांबल्या होत्या. चव्हाणांपुढचं काम वेगळं आणि अवघड होतं: सैन्य पुन्हा उभं करायचं, चौकशी करायची आणि चौकशीची झळ पंतप्रधानांच्या दारापर्यंत पोहोचू द्यायची नाही.

लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे चौकशी दिली. विषय ठरवून दिले होते: प्रशिक्षण, साहित्य, कमांडची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता, अधिकाऱ्यांची कुवत. मंत्र्यांनी आणि सचिवांनी काय केलं हे त्या चौकटीत बसत नव्हतं. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला, तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. २ सप्टेंबरला चव्हाणांनी अहवालाचा गोषवारा सभागृहात सांगितला. अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही, हेही सांगितलं. त्या निवेदनात एक जागा अशी आहे की तिथे चव्हाणांचं कसब दिसतं. सैन्य कितीही मोठं आणि सुसज्ज असलं तरी त्याला सरकारकडून योग्य धोरणात्मक मार्गदर्शन लागतं आणि ते सैन्याच्या आकाराशी व साहित्याशी मेळ खाणारं असावं लागतं, असं ते म्हणाले. नाव कोणाचंही घेतलं नाही. ज्याला समजायचं त्याला समजलं असेल.

अहवाल कुलुपात राहिला. सरकारं बदलली, कुलूप बदललं नाही. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की त्यातला मजकूर अजूनही संवेदनशील आहे. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने आपल्याकडचा बराचसा भाग उघड केला. तेव्हा विरोधी पक्षात असलेले अरुण जेटली यांनी विचारलं की अशी कागदपत्रं लोकांपासून कायमची दडवून ठेवायची का. निवडणुका झाल्या, सरकार बदललं आणि जेटली संरक्षणमंत्री झाले. जुलैत राज्यसभेत त्यांनी उत्तर दिलं: अहवाल खुला करणं राष्ट्रहिताचं नाही.