येऊर आणि ऐरोली: राष्ट्रीय उद्यान कुठलं, अभयारण्य कुठलं?

ठाणेकरांना घराजवळ निसर्ग हवा असेल तर एकीकडे येऊरचा डोंगर आहे, दुसरीकडे खाडी. डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. खाडीचा ऐरोलीपाशी दिसणारा पट्टा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात. बोलताना आपण दोन्हींना सरसकट अभयारण्य म्हणून टाकतो. फरक विचारला तर उत्तर ठरलेलं असतं: राष्ट्रीय उद्यान मोठं आणि केंद्राचं, अभयारण्य लहान आणि राज्याचं. यातलं काहीच खरं नाही.

दोन्हींचा कायदा एकच, १९७२चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. दोन्ही सहसा राज्य सरकारच जाहीर करतं आणि कारभार राज्याच्या वनखात्याकडेच असतो. आकाराचं म्हणाल, तर येऊर, तुळशी, विहार, कान्हेरी असं सगळं धरून आपलं राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. उलट सोलापूर-नगरकडचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. त्यात गावं होती, शेतं होती, रस्ते होते. पुढे ते बरंच कमी करावं लागलं, यात नवल नाही.

गावं-शेतं आत ठेवून एवढा पसारा माळढोकला जमला, कारण ते अभयारण्य होतं. खरा फरक इथेच आहे: त्या जमिनीवर माणसाचा हक्क किती उरतो? राष्ट्रीय उद्यानाची अंतिम घोषणा होण्याआधी आतल्या जमिनीवरचे सगळे दावे निकाली काढून हक्क सरकारकडे घ्यावे लागतात. गुरं चारायला तर साफ मनाई. अभयारण्यात मात्र काही हक्क चालू ठेवण्याची मुभा जिल्हाधिकारी देऊ शकतात, आणि चराई बंद न करता तिच्यावर नियंत्रण ठेवता येतं. म्हणूनच भीमाशंकरला शेकरूच्या जंगलात ज्योतिर्लिंग आहे, प्रसादाची दुकानं आहेत, वस्ती आहे, आणि तरी ते रीतसर अभयारण्य आहे. पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो, तो वेगळाच विषय.

खाडीतही हेच. समुद्राचं पाणी अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाला धक्का लागू नये याची तजवीज करा, असं कायदाच सांगतो. त्यामुळे खाडीत कोळ्याची होडी दिसली की लगेच 'अभयारण्यात हे कसं चालतं?' म्हणून फोटो काढू नये. तो त्या खाडीत आपल्या कितीतरी आधीपासून आहे.

येऊरला मात्र हे चित्र एवढं सरळ नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आदिवासी पाडे आहेत आणि ते उद्यानाच्या आधीचे आहेत. २००६च्या वनहक्क कायद्याने राष्ट्रीय उद्यानांतले आदिवासींचे हक्कही मान्य करायला लावले, म्हणजे 'हक्क शून्य' हे पुस्तकातलं वाक्य तिथे तसंच्या तसं लागू होत नाही. वारली कुटुंबाने गोळा केलेली रानभाजी आणि शनिवारी रात्री पार्टीला येणाऱ्या गाड्यांचा भोंगा, यांना एका तराजूत तोलणारे लोक मला तरी पटत नाहीत.

राज्यात राष्ट्रीय उद्यानं सहाच आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, चांदोली आणि आपलं हे. ताडोबा १९५५चं, राज्यातलं पहिलं. ताडोबा आणि शेजारचं अंधारी अभयारण्य मिळून पुढे व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोली आणि कोयनेचंही तसंच. अभयारण्यं मात्र कितीतरी अधिक, कारण हक्क पुरते काढून घेण्यापेक्षा त्यांना आवर घालणं सरकारला सोपं जातं.

ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५चं, साधारण १,६९० हेक्टर, त्यातला अर्ध्याहून अधिक भाग खारफुटीचा. २०२२ साली ते रामसर यादीतही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलं. पण फ्लेमिंगो फक्त याच हद्दीत राहत नाहीत. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की त्यांना उभं राहायला उथळ जागा लागते, मग ते नेरूळकडच्या पाणथळींवर उडतात, आणि त्या अभयारण्याबाहेर आहेत. हिवाळ्यापासून मेपर्यंत बघायला जायचं तर आधी भरती-ओहोटीची वेळ पाहा. फ्लेमिंगो दाखवायला नेणाऱ्या ऐरोलीच्या बोटींच्या वेळाही त्यावरच ठरतात.