कॅसलरॉक–मुरगाव रेल्वे

कॅसलरॉक–मुरगाव रेल्वे : सह्याद्री उतरून गोव्यातील मुरगाव बंदराला जाणारा सुमारे ८२ किमी. लांबीचा लोहमार्ग. कॅसलरॉक स्टेशन उत्तर कन्नड जिल्ह्यात असले, तरी खानापूर तालुक्यातल्या मराठी माणसाच्या तोंडी ते लोंढा, तिनईघाट यांच्या पाठोपाठच येते.

१८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारातून हा मार्ग ठरला. धारवाड-बेळगावकडचा माल मुरगावहून जहाजावर चढवावा, हा हेतू. लंडनमध्ये स्थापन झालेल्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनीने मीटरगेज (एक मीटर रुंदीचे) रूळ टाकले आणि १८८८ मध्ये कॅसलरॉकला सदर्न मराठा रेल्वेशी सांधा जुळला. मालाने मात्र निराशा केली. मुंबईची ओढ मोठी होती. भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतलेली असल्याने तुटीचा भार गोव्याच्या तिजोरीवर पडत राहिला. पुढे हा मार्ग चालवण्याचे कामही सदर्न मराठा रेल्वेकडेच गेले.

या मार्गाचे खरे मोल घाटात कळते. घाटाच्या पायथ्याच्या कुळें स्टेशनापासून कॅसलरॉकपर्यंत चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने रेटा देतात. उतरणीला लागण्याआधी कॅसलरॉकला ब्रेक तपासतात. दूधसागरचा पूल धबधब्याच्या ऐन अंगावरून जातो. पावसाळ्यात खिडकीशी बसलेल्याची बाही तुषारांनी भिजते आणि आवाजात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या हत्यारांनी हे बोगदे खोदणाऱ्या मजुरांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत, याची खंत वाटते.

कॅसलरॉक हे सरहद्दीचे ठाणे होते. इथे जकातीची झडती होई. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीचे सत्याग्रही इथून रुळांवरून चालत आत शिरले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात काहींनी प्राण गमावले. त्यानंतर सीमेवरची गाडी थांबली. ज्या घरांची सोयरीक घाटाखाली होती, त्यांची वाटच तुटली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर हा मार्ग भारतीय रेल्वेत आला.

१९९० च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज झाले. घाटात दुसरा रूळ टाकण्याच्या योजनेला मोले अभयारण्याच्या रक्षणासाठी गोव्यात मोठा विरोध झाला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक–कुळें टप्प्याची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली.