इम्युनिटीच्या जीन्सचे स्विच आले कुठून?

1957 ची गोष्ट. लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले, त्यावर उष्णता देऊन निकामी केलेला फ्लूचा व्हायरस टाकला, आणि त्या पेशींनी असं काहीतरी बाहेर सोडलं की नंतर ताज्या तुकड्यांवर जिवंत व्हायरस टाकला तरी तो नीट वाढेना. त्याला नाव पडलं इंटरफेरॉन. पुढे कळलं की हा धोक्याचा निरोप स्टॅट-1 नावाचं प्रोटीन पेशीच्या केंद्रकात नेतं, तिथे डीएनएच्या ठरावीक अक्षरांवर, म्हणजे जीनच्या स्विचवर, बसतं आणि शेकडो जीन्स चालू होतात. पण हे जीन्स वेगवेगळ्या क्रोमोसोमवर विखुरलेले, मग सगळ्यांच्या शेजारी तोच स्विच बसवला कोणी?

याचा धागा मक्याच्या शेतात सापडतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात कणसातले ठिपकेदार दाणे बघून सांगितलं की डीएनएचे काही तुकडे जागा बदलतात आणि जिथे जातात तिथल्या जीनला चालू-बंद करतात. बऱ्याच जणांना ते पटलं नाही, नोबेल मिळायला 1983 उजाडलं. मध्येच 1972 ला जनुकशास्त्रज्ञ ओहनो यांचा 'जंक डीएनए', म्हणजे बिनकामाचा डीएनए, हा शब्द आला आणि लोकांच्या डोक्यात तोच बसला, याचं मला खरंच वाईट वाटतं. 2001 ला मानवी जीनोमचा कच्चा मसुदा आला तेव्हा दिसलं की त्यातला जवळपास 8 टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसचे, म्हणजे पेशीच्या डीएनएत स्वतःची प्रत घुसवणाऱ्या व्हायरसचे, अवशेष आहेत.

मग 2016 मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या चुआँग, एल्डे आणि फेशोट यांनी मर-41 हा अवशेष धरला, जो साधारण साडेचार ते सहा कोटी वर्षांपूर्वी माकडांच्या आणि आपल्या पूर्वजांमध्ये घुसला होता. त्याच्या टोकाला स्टॅट-1 बसायची जागा तयारच होती, कदाचित पेशीत गडबड झाली की आपण जागं व्हायचं ही त्या व्हायरसचीच सोय असावी. एम-2 (AIM2) नावाचा जीन पेशीत घुसलेला परका डीएनए ओळखतो, त्याच्या शेजारचा हा तुकडा त्यांनी क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राने कापून काढला, मग इंटरफेरॉन दिलं तरी एम-2 हवा तसा वाढेना. म्हणजे व्हायरसनं आणलेला स्विच आज व्हायरसविरुद्धच वापरला जातोय!

उंदरांमध्ये मर-41 नाहीच, तिथे दुसऱ्याच रेट्रोव्हायरसचे अवशेष असलं काम करताना दिसले, त्यामुळे उंदरावरचा इम्युनिटीचा रिझल्ट माणसाला जसाच्या तसा लावताना हे स्विच वेगळे आहेत हे धरूनच चालायला लागतं.