धावपट्टी अतिक्रमण

विमान उतरवण्यासाठी आणि उडवण्यासाठी राखलेल्या जागेवर विमान, वाहन किंवा माणूस नको त्या वेळी असणे म्हणजे धावपट्टी अतिक्रमण. वैमानिक आणि टॉवरमधले नियंत्रक, म्हणजे विमानांना उतरण्या-उडण्याची परवानगी देणारे लोक, याला 'रनवे इन्कर्जन' म्हणतात. विमान घसरून धावपट्टीबाहेर गेले तर तो वेगळा प्रकार. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येत टक्कर होण्याची अट नाही. थांबण्याची रेषा परवानगीशिवाय ओलांडली तरी घटना नोंदवली जाते. हे योग्यच आहे, कारण त्या टप्प्यावर चूक अजून दुरुस्त करता येते.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर धावपट्टी एकच, पूर्व-पश्चिम, सुमारे 2,835 मीटर लांब. पूर्वेकडे उडताना तिला 'झिरो नाइन' म्हणतात आणि पश्चिमेकडे 'टू सेव्हन'. होकायंत्रावरच्या 90 आणि 270 अंशांवरून ही नावे पडली. टॅक्सीवे, म्हणजे विमानाला धावपट्टीपर्यंत नेणारा रस्ता, धावपट्टीला मिळतो तिथे डांबरावर पिवळ्या रेषा असतात. थांबलेल्या विमानाच्या बाजूला दोन सलग, धावपट्टीच्या बाजूला दोन तुटक. 'होल्ड शॉर्ट', म्हणजे धावपट्टीच्या अलीकडेच थांबा, असे टॉवरने सांगितले की वैमानिकाने धावपट्टीच्या क्रमांकासह ते परत म्हणून दाखवायचे. नुसते 'रॉजर', म्हणजे 'ऐकले', चालत नाही. या 'रीडबॅक'मध्ये काही चुकले तर ते तिथल्या तिथे पकडणे हे नियंत्रकाचे काम. तपासणीची जीप धावपट्टीवर गेली असेल, तर अनेक टॉवरमध्ये नियंत्रक समोरच्या फळीवर 'धावपट्टी अडलेली' अशी खूणपट्टी ठेवतो. हातातल्या कामाच्या गर्दीत जीपचा विसर पडू नये, एवढ्यासाठीच ती पट्टी.

विसर पडतो तेव्हा काय होते, हे 1 फेब्रुवारी 1991 रोजी लॉस एंजेलिसला दिसले. नियंत्रकाने एका छोट्या विमानाला धावपट्टीवर उभे केले आणि थोड्याच वेळात त्याच धावपट्टीवर बोइंग 737 उतरवण्यास परवानगी दिली. 35 जण गेले. चौकशीत बोट केवळ त्या नियंत्रकाकडे दाखवले गेले नाही. एका माणसाची चूक दुसऱ्या कुणाच्या लक्षात येईल अशी व्यवस्थाच टॉवरमध्ये नव्हती, हा त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर दाट धुक्यात धावपट्टीवरच दोन बोइंग 747 एकमेकांवर आदळून 583 माणसे मेली. तिथे परवानगी नसताना एका विमानाने धाव घेतली होती. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द टॉवरने उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक आहे. आपल्याकडे मुंबईत 8 जून 2024 रोजी एक विमान उड्डाण घेत असतानाच मागून दुसरे त्याच धावपट्टीवर उतरले. कुणाला इजा झाली नाही. नियंत्रकाला कामावरून बाजूला करून चौकशी लावण्यात आली.

मराठवाड्याची जखम मात्र धावपट्टीच्या टोकाबाहेरची आहे. 26 एप्रिल 1993 रोजी भर दुपारी इंडियन एअरलाइन्सचे मुंबईला निघालेले बोइंग 737 चिकलठाण्याहून उडाले. विमान चांगलेच भरलेले होते आणि जवळजवळ सगळी धावपट्टी संपल्यावर ते जमीन सोडू लागले. टोकापासून सुमारे 410 फुटांवर बीड रस्ता. त्यावरून प्रेस केलेल्या कापसाच्या गाठींनी लादलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर ट्रकला धडकले. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विमान उच्चदाबाच्या विजेच्या तारांत अडकून कोसळले. 118 पैकी 55 जणांचा जीव गेला. चौकशीत दोन कारणे पुढे आली : वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची रहदारी रोखण्याचे काम तत्कालीन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केले नाही. व्याख्येच्या काटेकोर अर्थाने हे अतिक्रमण नव्हे, कारण ट्रक सार्वजनिक रस्त्यावर होता. तरीही अतिक्रमणाची ही नोंद या अपघाताशिवाय पुरी होत नाही. विमानाच्या वाटेत वाहन असताना ते थांबवणारे कुणी नसणे, हे दोन्हीकडे सारखेच आहे. कापूस वाहणाऱ्या त्या ट्रकचालकाचा तर या दोन कारणांत उल्लेखही नाही.

एप्रिल-मे महिन्यांचा मुद्दाही इथे येतो. पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि त्याच वजनाच्या विमानाला जास्त लांब धावावे लागते. अशा दुपारी धावपट्टीच्या टोकापलीकडची मोकळी जागा फार मोलाची.

नांदेड, लातूर, धाराशिव इथल्या धावपट्ट्यांवर मोठ्या शहरांसारखी विमानांची रांग नसते. पण दोन उड्डाणांत तासन्‌तास जातात तेव्हा मोकळी धावपट्टी कुंपणाबाहेरच्या माणसाला बंद पडलेल्या रस्त्यासारखी वाटू लागते. कुंपणाला भगदाड पडले की आधी कुत्री येतात, मग गुरे, मग शेताकडे जाणारी पायवाट. जनावरे अतिक्रमणाच्या व्याख्येत मोजली जात नाहीत, त्यांची नोंद वेगळी होते. उतरणाऱ्या वैमानिकाला मात्र चाकापुढची म्हैस आणि चाकापुढची जीप सारखीच. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणे किंवा जनावरे कापणे यावर 1937 च्या विमान नियमांतच बंदी घातलेली होती, कारण त्यावर घारी जमतात. या सगळ्यासाठी दिवसाच्या पहिल्या विमानाआधी तपासणीची जीप धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते, आणि ती बाहेर आल्याचे रेडिओवर सांगितल्यावरच टॉवर ती खूणपट्टी उचलतो.