प्रोस्टेटच्या दुर्बिणीतील धुवणद्रव : प्रवाह व दाब

प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया मूत्रमार्गातून दुर्बिणीने करताना मूत्राशय आणि ग्रंथीतील पोकळी द्रवाने सतत धुतली जाते. हा द्रव पोकळी फुगवून जागा करतो, रक्त वाहून नेऊन दृश्य स्वच्छ ठेवतो आणि कापलेले तुकडे बाहेर आणतो. द्रव किती वेगाने वाहतो आणि आत किती दाब देतो, या दोन वेगळ्या गोष्टी असूनही त्यांची गल्लत नेहमी होते.

द्रवाची पिशवी बहुधा मूत्राशयापेक्षा ६० सेंमी. उंच टांगतात. एवढा पाण्याचा स्तंभ म्हणजे पाऱ्याचे सुमारे ४४ मिमी. पिशवीमुळे आत चढू शकणारा हा सर्वाधिक दाब. प्रत्यक्षातला दाब बाहेरची वाट किती मोकळी आहे त्यावर ठरतो. वाट तुंबली की मूत्राशय भरत जाऊन दाब त्या आकड्याकडे सरकतो. वाट मोकळी असेल, तर दाबाचा मोठा वाटा नळ्या आणि दुर्बिणीतल्या चिंचोळ्या जागांतच खर्ची पडतो. उंची मोजायची ती पिशवीतल्या द्रवाच्या पृष्ठभागापासून. टेबल खाली घेतले, की पिशवीला हात न लावताही दाब वाढतो.

रिसेक्टोस्कोपची, म्हणजे दुर्बीण आणि कापणारी तार आत नेणाऱ्या अवजाराची, बाहेरची नळी २६ फ्रेंच (एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिमी.) असेल, तर तिचा व्यास साधारण ८.७ मिमी. भरतो. तिच्यात ४ मिमी.ची दुर्बीण, विजेवर कापणारी तार आणि तिचा दांडा बसल्यावर जी फट उरते, तीच द्रवाची वाट. गोल नळीतील संथ प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. त्रिज्या १० टक्के घटली, की प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. त्यामुळे निचऱ्याच्या छिद्रात अडकलेला एखादा तुकडाही चित्र पालटतो : पडदा लालसर होतो, आणि ओटीपोटावर हात ठेवला तर मूत्राशय ताठ लागतो. अशा वेळी पिशवी वर चढवण्याचा मोह होतो. रक्तस्रावी शीर दाबली गेल्याने दृश्य क्षणभर सुधारतेही, पण दुखणे निचऱ्याचे असते.

जुन्या पद्धतीत मूत्राशय भरला, की काम थांबवून आतली अवजारे काढायची आणि पाणी सोडून द्यायचे. होसे इग्लेसियास यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या सततप्रवाही रिसेक्टोस्कोपमध्ये दोन नळ्या एकात एक बसतात. द्रव आतल्या नळीतून येतो आणि बाहेरच्या नळीच्या छिद्रांतून परततो. जघनास्थीच्या वर पोटातून मूत्राशयात नळी घालून निचरा करणे हा दुसरा मार्ग.

दाबाची एवढी चिंता कापलेल्या शिरांमुळे. शिरांतला दाब कमी असतो. आतला दाब त्याच्या वर गेला, की द्रव थेट रक्तात शिरतो. पूर्वी शुद्ध पाणी वापरत, तेव्हा रक्तपेशी फुटत. पुढे १.५ टक्के ग्लायसीन रूढ झाले. त्यात वीज वाहत नाही, पण सोडियमही नसते. ते फार शोषले गेले, की रक्तातील सोडियम घसरते आणि मळमळ, गोंधळ, अंधूक दृष्टी, मंद नाडी अशी लक्षणे दिसतात. हाच टीयूआर (मूत्रमार्गातून ग्रंथी कापण्याची शस्त्रक्रिया) सिंड्रोम. म्हणून आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या द्रवाचा हिशेब ठेवतात, जरी जमिनीवर सांडलेले पाणी आणि मिसळलेले रक्त तो बिघडवतेच. बायपोलर उपकरणे (ज्यांत वीज अवजाराच्याच दोन टोकांमध्ये फिरते) आणि लेझरमुळे सलाइन, म्हणजे मिठाचे पाणी, चालू लागले. त्याने सोडियमचा प्रश्न सुटला, शोषलेल्या द्रवाचा हृदयावरील भार मात्र राहिला.

पिशवी बदलताना शिरलेली हवाही त्रास देते. बुडबुडा मूत्राशयाच्या छताशी जमतो आणि तिथला भाग दिसेनासा होतो. विजेने ऊती जळताना हायड्रोजन निघतो. त्याला हवेतला ऑक्सिजन मिळाल्याने स्फोट होऊन मूत्राशय फाटल्याच्या विरळ घटनाही नोंदल्या गेल्या आहेत.

होल्मियम लेझरने ग्रंथी सोलून काढल्यावर ती मॉर्सिलेटर या ओढून कापणाऱ्या पात्यांच्या यंत्राने बारीक करताना मात्र नियम उलटा होतो. तेव्हा निचरा बंद करून बऱ्याचदा दोन्ही तोट्यांतून द्रव आत सोडतात, कारण मूत्राशय सैल पडला तर त्याची भिंतच पात्यात ओढली जाते.