साबण खोक्यात ओतण्यापूर्वी

घरी साबण करायचा म्हटलं की सगळं लक्ष तेलांकडे आणि कॉस्टिक सोड्याच्या मापाकडे लागतं, आणि ते लागायलाच हवं. साच्याची आठवण होते ती मिश्रण घट्ट व्हायला लागल्यावर. मग हाताशी येईल तो डबा पुढे ओढला जातो. साचा विकतचाच हवा असं मुळीच नाही. रिकामे खोके आणि डबे उत्तम काम देतात. पण कुठला डबा चालेल हे त्याच्या आकारापेक्षा तो कशाचा बनला आहे, यावर जास्त ठरतं.

याचं कारण असं, की साच्यात ओतताना साबण अजून साबण झालेलाच नसतो. मेद म्हणजे मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांची जोडणी असते, हे फ्रेंच रसायनतज्ज्ञ मिशेल शेव्हरूल यांनी 1823 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सविस्तर मांडलं. कॉस्टिक सोडा हा सोडियम असलेला तीव्र क्षार ही जोडणी तोडतो. मेदाम्लं सोडियमशी जोडली जाऊन साबण तयार होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. चमच्यातून पडणारी धार मिश्रणावर क्षणभर रेघ धरून राहिली की ओतायची वेळ झाली असं मानतात. त्या क्षणी तेल आणि क्षाराचं पाणी एकजीव झालेलं असतं, एवढंच. अभिक्रियेचा मोठा भाग पुढच्या 24 ते 48 तासांत साच्यातच घडतो आणि त्यातून उष्णताही बाहेर पडते. तेव्हा साच्याला आकार देण्याबरोबरच तीव्र क्षार आणि उष्णता दोन्ही सोसावी लागतात.

सगळ्यात आधी बाद करायचं ते अ‍ॅल्युमिनियम. एरवी या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. कॉस्टिक सोडा हा थर विरघळवतो. मग उघडा पडलेला धातू पाणी आणि क्षाराशी झपाट्याने अभिक्रिया करतो, भांडं खाल्लं जातं आणि हायड्रोजन हा ज्वलनशील वायू बाहेर पडतो. शिवाय तेलासाठी मोजून घेतलेला सोडा धातूवर खर्च होतो, म्हणजे साबणाचं गणितही बिघडतं. केकची अ‍ॅल्युमिनियमची भांडी तर नकोतच, पण अस्तर म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉइलही नको. इतका पातळ पत्रा क्षारापुढे टिकत नाही. जस्ताचा किंवा कथलाचा मुलामा दिलेले डबेही याच कारणासाठी टाळावेत. स्टेनलेस स्टीलला काही होत नाही, पण त्याच्या कडक भिंतींमधून वडी सुटत नाही, म्हणून अस्तर लागतंच.

प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो, तो बघायची सवय लावून घ्यावी. 2 म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिलीन आणि 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही क्षाराला दाद देत नाहीत आणि साबणाच्या उष्णतेने वितळतही नाहीत. 1 आकड्याचं पेट, म्हणजे पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचं प्लास्टिक, दिसायला कितीही देखणं असलं तरी ते पॉलिएस्टर आहे. त्याच्या रेणूंमध्ये एस्टर बंध असतात आणि तेलात कॉस्टिक सोडा जे बंध तोडतो ते याच जातीचे. त्यातून 70-80 अंश सेल्सिअसला ते मऊ पडतं, आणि साबणाचा गाभा तेवढा तापू शकतो. लवचीक सिलिकॉनचे साचे मात्र निर्धास्त वापरावेत. त्यांना कशाचं अस्तरही लागत नाही.

पुठ्ठ्याच्या द्रवपेयांच्या खोक्यांबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण नवशिक्यासाठी माझ्या मते याहून सोयीचा साचा नाही. वरचा भाग कापायचा, मिश्रण ओतायचं आणि साबण घट्ट झाला की खोकं सोलून काढायचं. यात आतून पॉलिथिलीनचा थर असतो, म्हणून पुठ्ठा भिजत नाही. आतून चंदेरी दिसणाऱ्या खोक्यांत अ‍ॅल्युमिनियम असतं खरं, पण त्याच्यावर पॉलिथिलीनचा थर असल्यामुळे मिश्रण धातूपर्यंत पोचत नाही. अडचण येते ती ओरखड्यांशी आणि कापलेल्या कडेशी, कारण तिथे धातू उघडा पडतो. अशा खोक्यात मिश्रण कडेच्या बरंच खाली ठेवावं आणि आत कागदाचं अस्तर द्यावं. चंदेरी थर नसलेलं खोकं मिळालं तर उत्तमच. लांब बाजू पोटाशी फुगते, तेव्हा दोन्ही बाजूंना विटा किंवा जड डबे टेकवून ठेवावेत.

साधा बुटांचा खोका किंवा लाकडी पेटीही चालते, मात्र अस्तराशिवाय नाही. पुठ्ठा पाणी शोषून ढिला पडतो. लाकडाचं दुखणं वेगळं. लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन कॉस्टिक सोड्यात विरघळतं, आणि लाकडापासून कागदाचा लगदा करण्याची एक जुनी पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. उघडं लाकूड हळूहळू काळवंडतं, खरबरीत होतं आणि साबण त्याला धरून बसतो.

अस्तरासाठी सिलिकॉनचा थर दिलेला बेकिंगचा कागद घ्यावा. बटर पेपर म्हणून मिळणारा प्रत्येक कागद तसा नसतो, म्हणून आधी पाण्याचा एक थेंब टाकून बघावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला आणि त्याखालचा कागद सुरकुतला नाही, तर तो चालेल. मेणकागद मात्र फसवा. साधं पॅराफिन मेण 50-60 अंशांच्या आसपास वितळतं, आणि तापलेल्या साबणात ते वितळलं की उघडा कागद वडीला चिकटतो.

कागद बसवण्यात खरी कसोटी कोपऱ्यांची. खोक्याच्या आत एकच मोठा कागद कोंबला की कोपऱ्यात घड्या पडतात, त्यात मिश्रण शिरतं आणि वडी तिथेच तुटते. त्याऐवजी दोन पट्ट्या कापाव्यात. पहिली खोक्याच्या लांबीएवढी रुंद, म्हणजे ती एका लांब भिंतीवरून उतरून तळ झाकत समोरच्या लांब भिंतीवर चढेल. दुसरी आखूड बाजूएवढी रुंद, ती पहिलीवरून आडवी जाईल. दोन्हींची टोकं काठाबाहेर तीन-चार सेंटिमीटर ठेवावीत, साबण उचलायला तीच धरायची असतात. तळाच्या घड्या बाहेरच मोजपट्टीवर दाबून धारदार करून घ्याव्यात आणि मगच कागद आत उतरवावा. तो सरकू नये म्हणून खोक्याला पेट्रोलियम जेलीचे ठिपके लावावेत. तेल लावून भागत नाही, कारण क्षाराने तेलाचाच साबण होतो. जेली म्हणजे हायड्रोकार्बन, तिच्यात तुटायला एस्टर बंधच नसतो, म्हणून ती जशीच्या तशी राहते. भिंतींच्या उभ्या कोपऱ्यांत फट राहिली तर तिथे बाहेरून कागदी चिकटपट्टी लावावी, कारण पातळ मिश्रण बारीकशा फटीतूनही वाट काढतं.

खोका किती तेलाचा, हा हिशेब सोपा आहे. आतली लांबी, रुंदी आणि जितक्या उंचीपर्यंत साबण हवा ती उंची, सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची. गुणाकाराला 0.7 ने गुणलं की तेलांचं एकूण वजन साधारण ग्रॅममध्ये मिळतं. 20 गुणिले 8 गुणिले 6 म्हणजे 960 घनसेंटिमीटर, म्हणजे सुमारे 670 ग्रॅम तेल. सोडा आणि पाणी उरलेली जागा भरतात. सोड्याचं माप अर्थातच तेलांच्या प्रकारानुसार वेगळं काढायचं.

साच्याच्या जाडीचा आणि आकाराचा साबणाच्या रूपावरही परिणाम होतो. मोठ्या लांबट साच्यात गाभ्याची उष्णता अडकून राहते. पाणी किती आहे त्यानुसार 65 ते 80 अंशांच्या आसपास साबण जेलसारखा अर्धपारदर्शक होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा अपारदर्शक. कडा लवकर निवल्या तर ही अवस्था फक्त मध्यभागी येते, आणि कापल्यावर प्रत्येक वडीत एक गडद वर्तुळ दिसतं. साबण वापरायला त्याने काही बिघडत नाही. रंग एकसारखा हवा असेल तर खोका टॉवेलात गुंडाळावा. लाकडी साचा हे काम आपसूक करतो. मध किंवा साखर घातली असेल तर उलट करायचं. त्याने मिश्रण जास्त तापतं, वर भेगा पडतात, कधी उतूही जातं. असा साचा उघडा आणि थंड जागी ठेवावा. एकेका वडीच्या छोट्या कप्प्यांत उष्णता पटकन निघून जाते, म्हणून तिथला साबण सुरुवातीचे दिवस जरा मऊ राहतो आणि काढायची घाई केली तर कोपरे तुटतात.

चोवीस तासांनी हातमोजे घालून बोटाने दाबून बघावं. खळगा पडला तर आणखी एक-दोन दिवस थांबावं. गोल पाइपमध्ये ओतलेला साबण हट्टी असतो. तो काही तास फ्रीजरमध्ये ठेवला की किंचित आकसतो, कडक होतो आणि एका टोकाकडून दाबून निघतो. साचा मात्र साबण काढल्या काढल्या लगेच घासायला घेऊ नये. त्याच्या काठावरच्या ओघळांत अजून कच्चा क्षार असतो. दोन दिवस तसाच ठेवला की त्या ओघळांचाही साबण होतो आणि गरम पाण्याने तो सहज निघून जातो. धुतलेला डबा खाण्याच्या भांड्यांत परत मिसळू नये. त्यावर मार्करने 'साबण' असं लिहून तो वेगळाच ठेवावा.