पणजीचे माहेर कसे शोधावे

विदर्भातल्या खेड्यात वंशावळ हा शब्द निघाला की बहुतेकांना जात पडताळणी आठवते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. तो मिळवण्यासाठी घरातले कोणीतरी तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल आणि आजोबांच्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणते, आणि त्यावरून खापरपणजोबांपर्यंतची नावे कागदावर उतरतात. त्या कामापुरती ही वंशावळ पुरेशी असते. मात्र तिच्यात बापाकडचेच नाते असते. आजी आणि पणजी कोणत्या गावच्या, कोणाच्या लेकी, हे तिच्यातून कळत नाही.

आनुवंशिकतेच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. पणजोबांच्या पिढीत प्रत्येकाचे आठ पूर्वज असतात, चार पणजोबा आणि चार पणज्या. पडताळणीची वंशावळ त्या आठांपैकी एकालाच गाठते. आईवडील सख्खे आते-मामे भावंडे असतील, तर मुलांना आठांऐवजी सहाच पणजोबा-पणज्या असतात, आणि हेही बापाच्या बाजूच्या कागदावर दिसत नाही.

विदर्भात हा प्रश्न थेट आरोग्याशी जोडलेला आहे, कारण सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार येथील अनेक समाजांत आढळतो. या आजाराला कारण असलेला जनुकातील बदल अकराव्या गुणसूत्रावर असतो आणि तो आई किंवा वडील, कोणाकडूनही येऊ शकतो. एकाकडूनच आला तर व्यक्ती वाहक, म्हणजे ‘एएस’, ठरते आणि सहसा निरोगी राहते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार, होण्याची शक्यता 25 टक्के असते. मामाच्या घरी कोणाला लहानपणापासून सांधेदुखी, कावीळ आणि वारंवार रक्त चढवण्याची गरज होती का, हे ठाऊक असलेले कुटुंब सोयरीक जुळवण्याआधी तपासणी करून घेऊ शकते. म्हणून आईकडची बाजू नोंदवणे हे माझ्या मते वंशावळीचे पहिले काम आहे.

या कामाचा सर्वात नाजूक स्रोत म्हणजे घरातल्या वृद्ध स्त्रिया. मानसशास्त्रज्ञांना असे आढळले आहे की चाळिशीनंतर माणसाला स्वतःच्या साधारण दहा ते तीस या वयातील घटना इतर काळापेक्षा अधिक आठवतात. आपल्या आज्यांचे लग्न, पहिले बाळंतपण आणि माहेर सुटणे याच वयातले असल्यामुळे त्यांच्याकडे नेमकी हीच माहिती भरपूर असते. साल मात्र क्वचितच आठवते. त्यासाठी लोकसंख्याशास्त्रातील पाहणीत वापरली जाणारी पद्धत उपयोगी पडते, ती म्हणजे सर्वांना ठाऊक असलेल्या घटनेशी आठवण जोडून घेणे. ‘आजी, तुझं लग्न झालं तेव्हा गाडगेबाबा हयात होते का?’ या प्रश्नाच्या उत्तरातून लग्न डिसेंबर 1956 च्या आधीचे की नंतरचे, हे ठरते. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. तुकडोजी महाराज ऑक्टोबर 1968 मध्ये गेले. 1972 चा दुष्काळ आणि जुलै 1991 मधला नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचा पूर यांच्या आठवणीही घरोघरी आहेत. अशा दोन घटनांच्या मध्ये आठवण बसवली की वर्षांचा पल्ला बराच आखूड होतो.

ही मुलाखत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, पण आधी परवानगी घ्यावी आणि कशासाठी विचारतो आहोत ते स्पष्ट सांगावे. पंखा बंद, फोन एरोप्लेन मोडवर आणि बोलणाऱ्याच्या जवळ घडी घातलेल्या कापडावर ठेवलेला असला की आवाज स्वच्छ येतो. जुना फोटो हातात दिला तर आठवणी अधिक मोकळेपणाने येतात. प्रत्येक बाईची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावे विचारावीत, कारण लग्नात नाव बदलण्याची चाल अनेक घरांत होती.

यानंतर कागदांकडे वळावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रिवाजामुळे थोरल्या अपत्याचा जन्म अनेकदा मामाच्या गावी झालेला असतो. स्वतःच्या गावच्या कोतवाल बुकात नोंद सापडत नसेल तर मामाच्या गावचे पाहावे. तिथे बाळाचे नाव नसून ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढेच असू शकते, म्हणून वर्षाचा अंदाज आधी हवा. शाळेतील जन्मतारीख जून-जुलैतली असेल, तर ती प्रवेशाच्या सोयीने लिहिलेली असण्याची शक्यता धरावी.

स्त्रियांचा माग लावण्यासाठी मला सर्वात मोलाचा वाटतो तो वारसाचा फेरफार, म्हणजे मालक वारल्यावर जमीन वारसांच्या नावे झाल्याची गाव नमुना 6 मधील नोंद. 17 जून 1956 पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांच्या मिळकतीची वारस ठरली, आणि तेव्हापासून भावांच्या नावांसोबत बहिणींची नावेही अशा नोंदींत येऊ लागली. पुष्कळ बहिणींनी हिस्सा भावांना सोडून दिला; त्या हक्कसोडपत्रात त्यांचे सासरचे नाव आणि राहण्याचे गाव नमूद असते. जमीन हातची गेली त्याच कागदावर त्यांचा ठावठिकाणा राहिला, ही गोष्ट मन दुखावणारी आहे, पण शोध घेणाऱ्याने तो कागद जरूर मिळवावा. जुन्या फेरफारांचे काही दस्त महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या रूपात मिळतात. उरलेल्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नसल्याने गोंड कुटुंबांनी आपल्या परधानांना विचारावे, कारण वंशाची गाथा गाऊन जपण्याचे काम परंपरेने त्यांचेच आहे.

कागदाचा फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, बरोबर वरून काढावा आणि फाइलच्या नावात साल, गाव व व्यक्ती लिहावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो आणि बारीक अक्षर पुसट होते, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. नाती मांडण्यासाठी ‘ग्रॅम्प्स’ हे मोफत सॉफ्टवेअर इंटरनेटविना संगणकावर चालते. त्यातली माहिती ‘जेडकॉम’ या 1984 पासूनच्या मांडणीत साठवली तर पुढे दुसऱ्या कोणत्याही वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते. प्रत्येक नात्यासमोर ते कोणी सांगितले किंवा कोणत्या कागदात मिळाले, हे लिहावे. दोन आज्यांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही ठेवावीत.

सगळ्या नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीत दिवंगतांची माहिती आणि जुने फोटो असावेत. जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि सिकलसेलचा अहवाल तिच्यात घालू नये, कारण वाहक असल्याची बातमी गावभर झाली तर मुलीच्या लग्नात अडथळा येतो. आजाराची माहिती त्या व्यक्तीच्या संमतीने सख्ख्या आणि चुलत-मामे भावंडांना प्रत्यक्ष भेटून सांगावी, आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातील सोल्युबिलिटी चाचणीला, म्हणजे रक्ताच्या पहिल्या तपासणीला, न्यावे. ती सकारात्मक आली तर ‘एएस’ की ‘एसएस’ हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनच्या पुढच्या तपासणीतून ठरते.